तुमच्या होडीत, पहिल्यांदा

भाऊजी, तुमचं रविवारचं बुकिंग आम्ही रद्द केलं नाही. तुमच्या दादांचं म्हणणं होतं की फोन करून कळवून टाकावं. तेराव्याला तीनच दिवस झालेत, लोक समजून घेतील. मीही मान डोलावली होती. तेवढ्यात मंदा मोरीतून उठून आली, हात ओले तसेच, आणि म्हणाली, "ह्यांनी घेतलेलं बुकिंग हे. ह्यांनी कधी कुणाला नाय म्हटलंय का? भाकरीचं मी बघते. होडीत बोलायला कोण बसतंय ते तुम्ही ठरवा." एवढं बोलून ती परत आत गेली. तुम्ही गेल्यापासून ती सलग इतकं पहिल्यांदाच बोलली. तुमचे दादा माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

कॅलेंडरकडे बघायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही इतकी वर्षं होडी चालवलीत, आणि त्या होडीत एकदाही न बसलेलं गावातलं एकच माणूस म्हणजे तुमची ही वहिनी. आणि तुमच्या दशक्रियेला चारचौघांसमोर मी काय कबूल करून बसले, ते तुम्ही ऐकलंच असेल. नसेल ऐकलं तर सांगते, तुम्हाला आवडेल. पण आधीचं आधी. बत्तीस वर्षं अंगणवाडीचं रजिस्टर लिहिलंय मी, क्रम सोडून मला लिहिता येत नाही.

तुमच्या सहलीचे दोन भाग होते. पाण्यावरचा तुमचा, गावातला आमचा. लोक धरणाच्या रस्त्याकडच्या काठाला गाड्या लावायचे, तुम्ही त्यांना केशरी जॅकेटं चढवायचात, रघू इंजिनाची दोरी ओढायचा, आणि तासभर पाण्यावर फिरवून तुम्ही त्यांना ह्या काठाला, आपल्या गावात, आणून सोडायचात. इथे मंदा आणि मी. मग मळ्यातून एक फेरी, मेथीचे आणि शेवंतीचे वाफे, आणि जातं. ज्याला त्याला जातं ओढून बघायचं असतं. चार फेरे झाले की दंड चोळत बसतात. त्यानंतर ओसरीवर पानं मांडायची, पिठलं, भाकरी, ठेचा, आणि जेवण झालं की तुम्ही त्यांना परत पलीकडे न्यायचात.

कल्पना तुमचीच. दिंडोरीकडे वाइनरी झाल्या, शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या धुरळा उडवायला लागल्या, तेव्हा तुम्ही एक दिवस म्हणालात, "वहिनी, ही मानसं द्राक्षाचा रस पिऊन तशीच परत चाललीत. त्यास्नी आपलं पाणी दाखवू."

"पाण्यात काय बघायचंय?" मी विचारलं.

"तुमी बघितलंय का?" तुम्ही म्हणालात. मी निवडायची मेथी पुढे ओढली.

सरकारी कागदात ह्या पाण्याला धरणाचा फुगवटा म्हणतात, आणि गावातही सगळे तेच म्हणतात. पण तुम्ही पाटीवर बॅकवॉटर असं लिहून घेतलंत. मी हरकत घेतली तर म्हणालात, "फुगवटा बघाया कोन येतंय? पोटाचा आजार वाटतो. बॅकवॉटर म्हटलं की मानूस टोपी घालून येतं." आणि आले की लोक, खरंच टोप्या घालून आले. पहिल्या रविवारी दोन गाड्या, पुढच्या महिन्यात सहा. तुमच्या डोक्यात काय चाललेलं असायचं ते मला कधीच कळलं नाही, पण लोकांच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला बरोबर कळायचं.

आता थापांचं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुम्ही थापाड्या होतात हे काही वाईट बोलणं नाही, ते तुमचं काम होतं. होडीतून उतरलेला प्रत्येक माणूस माझ्याकडे नव्या नजरेनं बघायचा, त्यावरून मला कळायचं की आज काहीतरी नवीन झालंय. एकदा एका बाईंनी उतरल्या उतरल्या माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "ह्याच हातांनी तुम्ही बिबट्याला हाकललंत ना, काकू? लाटण्यानं?" बिबट्या आला होता हे खरं. आपल्या भागात कुणाकडे येत नाही? पण मी आत होते, दाराला कडी, दाराशी पाटा टेकवलेला, आणि परात बडवून बडवून मनगट दुखेपर्यंत ओरडत होते. लाटणं कुठून आणलंत तुम्ही? मी बाईंना खरं ते सांगितलं. त्या हिरमुसल्या. तुम्ही मागे उभे होतात, कपाळाला हात लावून.

चुलीवरची भाकरी म्हणून तुम्ही पाटीवर लिहिलं होतं. वीस-वीस माणसं व्हायला लागल्यावर मंदाचे डोळे धुरानं चुरचुरायला लागले, म्हणून मी मागच्या पडवीत गॅस मांडला. कुणी विचारलं की मी सांगायची, गॅसवरची आहे. "वहिनी, तुमचं काय जातं हो, चूल म्हनायला?" तुम्ही चिडून विचारायचात. माझं जायचं. अंगणवाडीत असताना वरून कितीदा दबाव आला, तरी एका पोराचं वजन मी शंभर ग्रॅमनं वाढवून लिहिलं नाही. आता म्हातारपणी भाकरीसाठी कुठं खोटं बोलू?

पण सगळ्यात मोठी थाप माझ्या लग्नाची. तुम्ही सांगायचात की वहिनी नवरी होऊन ह्याच पाण्यावरून, होडीतून, आमच्या गावात आली. मधेच वारा सुटला, रुखवताचे लाडू पाण्यात गेले, पण नवरी जागची हलली नाही. लोक जेवताना माझ्याकडे कौतुकानं बघायचे. "काकू, भीती नाही वाटली?" आणि मी म्हणायची, "मी ट्रॅक्टरनं आले." तुम्हाला तोंडावर पाडायचा माझा विचार नसायचा. तोंडातून निघून जायचं.

त्या ट्रॅक्टरची खरी गोष्ट तुमच्या थापेपेक्षा चांगली होती, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. पिंपळगाव सोडलं आणि ट्रॉलीत मला मळमळायला लागलं. नवा शालू, डोक्यावर पदर, आजूबाजूला सगळी नवी माणसं, आणि पोटात ढवळतंय. सांगणार कुणाला? तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. तुम्हीच ओरडून ट्रॅक्टर थांबवलात. उडी टाकलीत, कुणाच्या तरी बांधावरचं लिंबू तोडलंत, दातानं फोडलंत आणि माझ्या हातात दिलंत. "वहिनी, हुंगत ऱ्हावा. वांतीबी झाली तर होऊ द्या, मी हाय ना," असं म्हणालात. मला त्या घरात वहिनी म्हणून हाक मारणारे पहिले तुम्ही. घरी पोचेपर्यंत ते लिंबू मी सोडलं नाही.

हे सांगा ना लोकांना, असं मी म्हटलं की तुम्ही हात झटकायचात. "लिंबाची गोष्ट कोन ऐकंल? लाडू बुडाले पायजेत."

मी होडीत का बसत नव्हते, ह्याचंही तुम्ही भांडवल केलंत. माझं माहेर येवल्याकडचं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारं काहीतरी, नाहीतर टँकरच्या मागची रांग. लग्न होऊन इथे आले आणि सकाळी उठून बाहेर बघितलं तर डोळा पोचेल तिथपर्यंत पाणी. मला आनंद झाला नाही, भाऊजी. मला धडकी भरली. इतकं पाणी एका जागी असणं मला बरोबर वाटेना. आजतागायत मी दिंडोरीला, नाशिकला जायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा घालून रस्त्यानं गेले. गावातल्या बाया होडीनं पलीकडे जाऊन बाजार करून परत यायच्या तोवर मी अर्ध्या रस्त्यात असायची.

तुम्ही चिडवायचात. "आमचं गाव बुडालं कुनासाठी? ह्या धरनाचं पानी कालव्यानं जातं तुमच्याच येवल्याला. तुमचा कांदा आमच्या घरावर पिकतोय, वहिनी. आमी पानी दिलं, बदल्यात सून आनली." हे वाक्य तुम्ही होडीतही म्हणायचात म्हणे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा पदराआड हसायची. त्यात तुमचं गाव बुडाल्याचं जे होतं, ते तुम्ही हसत सांगायचात म्हणून मलाही हसण्यावारीच वाटत राहिलं. तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना ते बुडालं. तुमचा जन्म तिथल्या घरात झालेला. हे मला माहीत होतं, पण माहीत असूनही माझ्या ध्यानात नव्हतं.

आता ते भांडण. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या रविवारी जेवताना एका तरुण मुलानं मला मोबाइल दाखवला. फोटोत नुसतं पाणी. "काकू, ह्याच्या खाली तुमचं घर आहे ना? होडीवाल्या दादांनी सांगितलं. गॉगल लावून डाइव्ह मारली तर दिसेल का? भारी कॉन्सेप्ट आहे." बाकीचे हसले. मंदा भाकरी वाढता वाढता थांबली. मला सासूबाई दिसल्या. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पाण्याकडे तोंड करून हात जोडायच्या, आणि कुणाला का ते सांगायच्या नाहीत. माझं डोकं फिरलं. पाहुणे होते म्हणून पिठलं वाढत राहिले.

ते गेल्यावर तुम्ही ओसरीवर चहा घेत बसला होतात. मी म्हणाले, "भाऊजी, बिबट्याच्या थापा मारा, माझ्या लग्नाच्या मारा. पण बुडालेल्या घराचाही तमाशा मांडलात? तुमच्या आईच्या चुलीवर तिकीट लावलंत तुम्ही."

तुम्ही कप खाली ठेवलात. मला वाटलं आता नेहमीसारखे उलटे फिराल, चेष्टेवर न्याल. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "एकदा होडीत बसा, वहिनी. मंग बोला." आणि होडीवर ताडपत्री टाकायला निघून गेलात. मला वाटलं, बघा, ह्या माणसाला आताही तेच टुमणं सुचतंय. मी तुमच्या पाठीवर आणखी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, आणि तेवढं एक बरं आहे.

त्यानंतर अकरा दिवस आपण कामापुरतं बोललो. "वहिनी, ह्या रविवारी चौदा पानं." "बरं." "ठेच्यात मिरची कमी घाला, ल्हान पोरं हायेत." "बरं." चाळीस वर्षांत इतके दिवस आपला अबोला कधी टिकला नव्हता, दोन दिवसांत तुम्ही काहीतरी खोडी काढायचात आणि मी फसायची. ह्यावेळी तुम्ही खोडी काढली नाहीत. मी वाट बघत होते, हे आता सांगते. गुरुवारी सकाळी तुम्ही होडी धुवायला गेलात. रघूची हाक ऐकू आली, तुमच्या छातीत कळ आली होती. नाशिकला पोचायच्या आधी गाडीतच सगळं संपलं होतं.

तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं काय झालं, असं भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या. मी सांगायची, ठेच्यात मिरची कमी घाला म्हणाले. ते खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि रात्रंदिवस तेच मला खात होतं.

दशक्रियेला काठावर पिंड मांडला. ऊन चढलं तरी कावळा फिरकेना. एरवी तुमच्या पाहुण्यांच्या पानातल्या भाकऱ्या पळवणारे कावळे त्या दिवशी गेले कुठे, कोण जाणे. तुम्हाला ठाऊकच आहे आपली रीत. माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग ज्याला जे वाटतं ते तो कबूल करतो. तुमचे दादा पुढे झाले आणि म्हणाले, "सोमनाथ, मंदाची काळजी करू नको. आमी हाय." कावळा नाही. तुमचा मुलगा म्हणाला, "आप्पा, होडी विकनार नाय." कावळा झाडावर येऊन बसला, पण खाली येईना. रघू पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, इंजिनाचं ऑइल बदलून टाकतो." त्याही परिस्थितीत चार-पाच जणांना हसू आवरेना. तुम्ही असता तर सगळ्यात मोठ्यांदा हसला असता.

मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मला ह्या कावळ्याच्या रीतीवर विश्वास नाही, हे मी गावात सगळ्यांना सांगून बसलेली. तरी माझे पाय पुढे गेले. "भाऊजी," मी म्हणाले, "बसेन मी होडीत."

कावळा खाली उतरला. त्याच वेळी मागे कुणीतरी चहाबरोबरच्या पापडीची पुडी सोडली होती, त्यामुळे तो नेमका कशासाठी उतरला ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण शिवला. आणि माझा शब्द सगळ्या गावानं ऐकला.

म्हणून रविवारी मी गेले. तुमचा मुलगा रजा संपल्यामुळे पुण्याला परतला होता, रघूला इंजिन येतं पण चार माणसांसमोर त्याची बोबडी वळते, आणि तुमचे दादा तर घरातही बोलत नाहीत. कसं गेले ते ऐका आणि हवं तितकं हसा. होडी आपल्या काठाला उभी होती. रघू रिकामी होडी घेऊन पलीकडे निघाला होता. मी म्हटलं, मी पलीकडूनच बसेन, पाहुण्यांबरोबर. आणि तुमच्या दादांच्या मोटारसायकलवर मागे बसून बावीस किलोमीटरचा वळसा घातला. जॅकेट घरातूनच घालून, तिन्ही पट्टे आवळून. फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "बाई, पूर आलाय का कुठं?" तुमचे दादा अख्ख्या वाटेत एकच वाक्य बोलले. "होडी दारात हाय आन आपुन होडीत बसाया रस्त्यानं चाललोय."

अकरा पाहुणे होते. बाकावर मी मधोमध बसले, दोन्ही हातांनी धरून. इंजिन सुरू झालं आणि काठ मागे सरकायला लागला तेव्हा मी डोळे मिटले. मिटल्यावर पाणी आणखी मोठं वाटायला लागलं, म्हणून उघडले. सगळे माझ्याकडेच बघत होते. बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मी सोमनाथ भाऊजींची वहिनी. ही होडी त्यांची. ते गेल्या महिन्यात वारले."  मग एका बाईंनी हळूच विचारलं, "मग आज आम्हाला कोण दाखवणार?"

"मीच," मी म्हणाले. "मीही आजच पहिल्यांदा बघतेय."

मी सगळं खरं सांगितलं, भाऊजी. तुम्ही काय सांगायचात आणि खरं काय होतं, दोन्ही. बिबट्या, लाटणं आणि परात. तुमच्या थापेतला तो सायबेरियाहून दरवर्षी येणारा लंगडा पाहुणाही भेटला. बगळा होता, आणि एका पायावर उभा होता. मी लाडू बुडाल्याचं सांगितलं आणि मग ट्रॉलीचं, मळमळीचं आणि लिंबाचं सांगितलं. त्या बाईंनी रुमाल काढला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "असा दीर मिळायला भाग्य लागतं." हो म्हणाले मी. तुम्हाला हे कधी म्हटलं नव्हतं, परक्या माणसाला लगेच म्हटलं. तर ह्या एका बाबतीत तुम्ही हरलात. लिंबाची गोष्ट लोक ऐकतात.

आणि एक कबूल करते. अर्ध्या पाण्यात आल्यावर माझी पकड सैल झाली. तिथून आपलं गाव दिसलं. कौलं, शेवंतीचा पिवळा पट्टा, आणि अंगणात ये-जा करणारी मंदा, बोटाएवढी. तुम्ही काठाला लागायच्या आधीच मी रागावलेली आहे की नाही हे तुम्हाला कसं कळायचं, ते मला समजलं. इथूनच बघायचात तुम्ही आमची चाल.

तेवढ्यात रघूनं इंजिन बंद केलं.

 "काय झालं रे? बिघडलं?"

"नाय, वहिनी. सोमनाथदादा हितं बंद करायचा."

"का? इथं काय सांगायचे?"

"काय नाय." रघूनं नजर खाली केली. "म्हनायचा, खाली आमचं घर हाय, आता जरा गप बसू. मंग बसायचं गप."

"आणि?"

"आनि काय? आई हितं भाकरी थापायची, येवढं यकदा मला म्हनला व्हता, यकट्याला. मानसांसमोर कवाच नाय. त्या दिसाला त्या पोरानं लय इचारलं, डाइव्ह मारू का, गॉगल लावू का. दादानं तोंडसुदिक फिरवलं नाय तिकडं."

"इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस तू?"

"तुमी होडीत आल्या कवा, वहिनी?"

पाहुण्यांना आमचं बोलणं ऐकू जात होतं, आणि ते आपसूक गप्प झाले. मीही झाले. होडी जागच्या जागी हलत होती. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ह्या माणसाला दोन मिनिटं तोंड मिटता येत नाही. दर रविवारी इथे येऊन, दहा-पंधरा अनोळखी माणसांमध्ये बसून, तुम्ही तोंड मिटून घेत होतात. आणि मला ह्याची गंधवार्ता नव्हती, कारण मला सहलीचा माझा अर्धाच भाग माहीत होता. उरलेल्या अर्ध्यावर मी काठावरून निकाल दिला.

भाऊजी, आईच्या चुलीवर तुम्ही तिकीट लावलं नव्हतंत. तुम्ही तिला भेटायला येत होतात, आणि एकट्यानं यायला जड जात असेल म्हणून माणसं सोबत आणत होतात. मी बोलले, चुकले. नुसतं चुकले नाही, ज्यानं मला ह्या घरात पहिल्यांदा वहिनी म्हटलं त्याच्याशी मी अन्यायानं बोलले. तुम्ही सगळ्या जगाला नाही नाही ते सांगितलंत, आणि एक खरी गोष्ट मला न सांगता दाखवायची म्हणून राखून ठेवलीत, आणि मी आले नाही. हे सगळं मी तिथे मनातल्या मनात म्हणाले, पाण्याकडे बघत, आणि डोळ्यांतून आलेलं पुसलं नाही.

 कुणीतरी खोकलं. आपल्या काठावर मंदा हात कपाळावर धरून आमच्याकडे बघत उभी होती. जेवण तयार असणार. रघूनं दोरीला हात घातला.

"निघायचं ना, वहिनी?"

"थांब रे," मी म्हणाले. "आमचं बोलणं व्हायचंय अजून."